कागद टोपलीत

‘टोपली’ हा शब्द वाचताच प्राध्यापक एपामिनोंदास स्कार्लातोस यांनी असं तोंड केलं, जणू कुणी ती टोपलीच आणून त्यांच्या टेबलावर उपडी केली होती.

“हे काय आहे, आनेझिनी?”

“पाहुण्यांसाठी उपयुक्त माहिती, सर. तुम्हीच लिहायला सांगितली होती.”

“ते कळतंय मला. मी शेवटच्या ओळीबद्दल विचारतोय.”

शेवटची ओळ अगदी साधी होती. इथल्या इमारतींचे पाइप अरुंद आहेत, तेव्हा वापरलेला कागद कृपया भांड्यात टाकू नये, शेजारच्या झाकणाच्या टोपलीत टाकावा. अथेन्समध्ये पोर चालायला लागलं की त्याला आधी हे शिकवतात आणि मग छातीवर क्रूस काढायला. मंत्री असो की मासळीवाला, प्रत्येकाच्या घरात ती टोपली असते. स्कार्लातोसांच्या घरीही होती, संगमरवरी न्हाणीघरात, चांदीच्या झाकणाची.

“कागद भांड्यात गेला तर तुंबतं, सर. आपल्या घरी नाही का...”

“आपल्या घरी काय ते मला नको सांगूस. मीही याच गावात जन्मलोय.” त्यांनी चष्मा काढला आणि आवाज खाली आणला. “अगं, उघड्यावर नाहणाऱ्या जगाला या शहराने स्नानगृहं दिली. पाण्याचे पाट दिले. हेच ऐकायला माणसं येतायत, डेन्मार्कहून, नॉर्वेहून. आणि आपण त्यांना पहिलं काय सांगायचं? की बाबांनो, पुसून झालं की बोळा हातात धरा आणि टोपली शोधा?”

सर अध्यक्ष असलेल्या प्राचीन जलसंशोधन मंडळाचं कार्यालय आनेझिनी एकटी सांभाळत होती आणि बाकीची माहिती तिने फार आवडीने लिहिली होती. मेट्रोत शिरताना तिकीट फाटकाला लावा, नाहीतर दंड. विमानतळाच्या गाडीत पिशवी पाठीला नको, पोटाशी धरा. दुपारी जेवणानंतर कुणाला फोन करू नका, माणसं झोपतात. रात्री नऊच्या आधी खाणावळीत जाऊ नका, वाढपीच तेव्हा जेवत असतात. आणि ‘पाच’ सांगायला कुणासमोर पंजा उघडू नका, इथे ती शिवी आहे. हे सगळं सरांना पसंत होतं. त्यात परदेशी माणसाला गंमत वाटते. टोपलीत गंमत नव्हती.

“आणि ते टोपल्यांचे प्रकारही काढून टाक संडासांतून. झाकण उघडलं की दिसतं सगळं. शी! तिथे लव्हेंडरच्या कुंड्या ठेव.”

“पण मग ते कागद भांड्यातच टाकणार, सर.”

“साठ माणसं, तीन दिवस. तेवढ्याने काय पाइप मरतोय?” मग ते खुर्चीत मागे टेकले आणि अगदी वडीलधाऱ्या मायेने म्हणाले, “शनिवारी समारोप झाला की समिती बसणार आहे. तुझ्या आईच्या तळघराचा विषय आहे. तिथे कॅफे काढायचा म्हणून दोघेजण हटून बसलेत. मी दोन शब्द बोलीनच. फक्त परिषद नीट पार पडू दे, पाखरा.”

तळघराचं नाव निघालं आणि आनेझिनीने खिशातलं पेन काढलं. तिचे वडील, बार्बा-लिनार्दोस, या इमारतीचे रखवालदार. कुकाकीच्या उतारावरचं हे जुनं पिवळं घर मंडळाने घेतलं तेव्हापासून त्यांच्याकडेच किल्ल्या. वसंतात ते गेले. आई, कीरा-फ्रोसो, लग्न होऊन आली ती त्याच तळघरात, आणि आता गुडघ्यांनी दगा दिलेला. आनेझिनीची स्वतःची खोली दूर किप्सेली भागात, पाचव्या मजल्यावर, लिफ्ट नाही. समितीने ‘सोडा’ म्हटलं तर म्हातारीला शहराबाहेरच्या एखाद्या वृद्धाश्रमात पोचवण्याशिवाय मार्ग नव्हता. आणि कीरा-फ्रोसो आधीच सांगून बसली होती, “मला इथून न्याल ते चौघांच्या खांद्यावरून, माझ्या पायांनी नाही.”

आनेझिनीने ओळ खोडली. वर स्वतःच्या हातांनी सगळ्या टोपल्या उचलून अंगणात नारिंगाच्या झाडामागे नेऊन ठेवल्या. टोपल्यांची तिला कधी किळस वाटली नव्हती. त्या दिवशी स्वतःच्या हातांची वाटली.

खोडलेल्या ओळीच्या जागी सरांनी स्वतः एक ओळ घातली. स्वागताच्या पिशवीत प्रत्येक पाहुण्याला मंडळातर्फे सुगंधी ओल्या टिश्यूंचं पाकीट भेट. एकेका टिश्यूवर निळ्या शाईत देवी अथेनाचं घुबड छापलेलं. कल्पना सरांची, घुबड सरांच्या मेहुण्याच्या छापखान्यातलं.

“टोपल्या अंगणात काय करतायत?” संध्याकाळी आईने विचारलं. “ऊन खायला बसल्यात?”

“सरांनी काढायला लावल्या.”

“आणि काढल्या कुणी?”

“आई, शनिवारी समिती आहे.”

“असू दे समिती.” कीरा-फ्रोसो गहू निवडत होती. शनिवारीच लिनार्दोसचा चाळिसावा दिवस होता आणि मेलेल्याच्या नावाने वाटायच्या प्रसादाचे, कोलिवाचे, गहू ती दुसऱ्या कुणाच्या हाताला लागू देत नव्हती. “लाज त्याला वाटली, ओझं तू वाहिलंस. हा तुझा सर, हा नोंदास, नवा मास्तर होता ना, तेव्हा पगार पुरायचा नाही त्याला. याच टेबलावर बसून माझ्या मसुरीच्या तीन-तीन थाळ्या चेपायचा. तेव्हा त्याला आमची टोपली वास मारत नव्हती.”

गुरुवारी पाहुणे आले. उंच, गुलाबी, उन्हाने आधीच सोललेली माणसं. फार सभ्य. लिफाफ्यातलं माहितीपत्रक त्यांनी ओळ न् ओळ वाचलं होतं, तिकिटं फाटकाला लावली होती, पिशव्या पोटाशी धरल्या होत्या. ‘पाच कॉफी’ सांगताना एकाने हात वर नेला, मध्येच आठवून खाली घेतला आणि बोटं मोजून दाखवली. जे सांगितलं ते ही माणसं बिनतक्रार पाळत होती, आणि हेच आनेझिनीला सहन होत नव्हतं.

तिच्या टेबलामागच्या भिंतीत मोठा पाइप होता. वर कुणी फ्लश ओढला की भिंत आधी घसा खाकरायची, मग गिळायची. सभागृहात सर पडद्यावर मातीच्या प्राचीन नळ्यांची चित्रं दाखवत होते, त्यांच्या उताराचं कौतुक करत होते. “पूर्वजांच्या या नळ्या आजही स्वच्छ आहेत!” टाळ्या पडल्या. चहाची सुट्टी झाली, रांग लागली आणि भिंत गिळत सुटली. प्रत्येक घोटाला आनेझिनी हातातलं पेन खाली ठेवायची. दुपारपर्यंत तो गिळण्याचा आवाज जड झाला. जेवण जास्त झालेल्या माणसासारखी भिंत मधूनच ढेकर देऊ लागली.

ती सरांकडे गेली. “सर, पाइपचा आवाज बदललाय. निदान आता तरी टोपल्या ठेवूया.”

“आज राजदूत यायचेत, आनेझिनी.”

“राजदूतांनाही लागते, सर.”

“वाह्यातपणा नको.” सरांनी टाय सारखा केला. “झाकली मूठ सव्वा लाखाची, कळलं? दोन दिवस काढ.”

मूठ झाकली होती खरी, पण तिच्यात काय होतं ते अख्ख्या इमारतीला वासावरून कळायला लागलं होतं. संडासात लव्हेंडर होता. लव्हेंडर आणि त्याच्या खालून वर येणारं ते दुसरं, यांचा मिळून जो दर्प झाला होता त्यापेक्षा नुसती घाण परवडली असती. निदान ती खरी असते. पाहुणे नाकाला घुबडाचे टिश्यू लावत, हात पुसत, काय काय पुसत, आणि टाकायला दुसरी जागा नाही म्हणून तेही भांड्यात टाकत.

शुक्रवारी दुपारी कीरा-फ्रोसोने गहू उकडले. पांढरीशुभ्र चादर टेबलावर पसरून त्यावर वाळत घातले, जवळ लिनार्दोसचा फोटो ठेवला, वातीचा दिवा लावला. वरून जाणारा जुना लोखंडी पाइप त्या टेबलावरून कोपऱ्यात वळतो. लग्नापासून तो तसाच आहे, तिने कधी मान वर करून पाहिलाही नव्हता. वर कॉफीची सुट्टी झाली. माणसं एकामागून एक संडासात गेली.

आईची हाक आनेझिनीला जिन्यावरूनच ऐकू आली. नुसतं नाव, एकदाच.

पाइपचा सांधा फुटला होता. तपकिरी पाणी भिंतीवरून नाही, सरळ वरून पडत होतं, गव्हावर. आधी पाणी, मग कागदाचा लगदा, मग त्यात गुंडाळलेलं सगळं. चादर मध्यभागी खोलगट झाली होती आणि त्या खळग्यात गहू तरंगत होते. लिनार्दोसच्या फोटोच्या काचेवरून एक ओला टिश्यू सावकाश खाली सरकत होता. त्याच्यावरचं निळं घुबड डोळे वटारून बघत होतं.

आनेझिनीला भडभडून ओकारी आली. ती दाराबाहेर पळाली, नारिंगाच्या बुंध्याशी ओकली, तोंड पुसलं आणि परत आत आली, कारण आई तिथेच उभी होती, हात पुढे करून, जणू ओंजळीत झेलून थांबवणार होती. त्या घाणीपेक्षा आनेझिनीला किळस आली ती त्या चार पानी माहितीपत्रकाची. गुळगुळीत कागद, वर मंडळाचं बोधचिन्ह, आणि आत जगातलं सगळं, एका ओळीखेरीज.

“गप उभी राहू नकोस,” आई म्हणाली. “बादली आण. आणि वर सांग, कुणी ओढू नका म्हणावं.”

तुंबलेली गटारं मोकळी करणाऱ्यांच्या चिठ्ठ्या अथेन्समध्ये प्रत्येक दाराच्या चौकटीवर डकवलेल्या असतात. माणसं आयुष्यभर त्या खरवडतात आणि वेळेला त्याच शोधतात. त्यातल्या एकाला आनेझिनीने बोलावलं. तो आला, आकडा पाइपात घातला आणि ओढला. बाहेर आली ती घुबडांची माळ. एकाला एक पीळ पडलेली, कागदात मढलेली, लांबच लांब.

“च्यायला,” तो म्हणाला, “हे काय, पक्षी पाळता का काय वर?”

त्याने पाइप मोकळा केला, सांध्याला तात्पुरती पट्टी आवळली आणि सांगितलं की सोमवारी नवा सांधा बसेपर्यंत वरचे सगळे संडास बंद. कीरा-फ्रोसोचा तेवढा चालेल, तो थेट रस्त्याच्या गटाराला जोडलेला आहे. पाहुण्यांसाठी कोपऱ्यावरच्या कॉफीवाल्याला विनंती करण्यात आली. त्याने ती मान्य केली, पण जो येईल त्याने कॉफी घेतलीच पाहिजे अशी अट घातली, आणि मग ती कॉफी पिऊन लोक परत त्याच्याकडेच जाऊ लागले.

सर खाली आले ते नाकाला रेशमी रुमाल लावून. उंबरठ्याच्या आत त्यांनी पाऊल टाकलं नाही. आई-लेकी गुडघ्यांवर बसून ब्लीचने फरशी घासत होत्या. सरांनी लिनार्दोसच्या फोटोकडे पाहिलं, चादरीच्या बोचक्याकडे पाहिलं. आता ‘अरेरे’ म्हणतील, असं आनेझिनीला खरंच वाटलं.

“वर ये,” ते तिला म्हणाले. “पाहुण्यांसाठी सूचना लिहायची आहे.”

अंगणात उभं राहून त्यांनी मजकूर सांगितला. तळघरातील रहिवासी महिलेने स्वयंपाकघरातील तेल व खरकटे नळात ओतल्याने तांत्रिक अडथळा आला असून मंडळ दिलगीर आहे.

“सर, आईने?”

“म्हातारं माणूस आहे. कुणी रागवणार नाही तिच्यावर.”

“त्या पाइपातून तुमची घुबडं निघालीत, सर. मी मोजली नाहीत, पण बादली भरली.”

“हे बघ.” सरांचा चेहरा लाल झाला. समितीतले दोघं, निवृत्त न्यायाधीश वारदालास आणि खजिनदारीणबाई, जिन्याशी उभे होते, त्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात ते बोलले, “मी तुझ्या आईची बाजू घेणार होतो. पण आता डोळ्यांनी पाहिलंय. ही माणसाने राहायची जागाच नाही. त्या खोलीत शिजलेला घास कुत्र्यानेसुद्धा तोंडात घेऊ नये! उद्या समितीत मी हेच सांगणार.”

वारदालास आणि खजिनदारीणबाईंनी गंभीरपणे माना डोलावल्या. तळघराची खिडकी अंगणाच्या फरशीला टेकलेली आहे, आणि ती उघडी होती. आतला घासण्याचा आवाज क्षणभर थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

आनेझिनी कार्यालयात गेली. तिने सूचना छापली, साठ प्रती. त्यात तेल नव्हतं, खरकटं नव्हतं. खोडलेली ओळ होती, मोठ्या अक्षरांत, जशीच्या तशी, आणि खाली लिहिलं होतं, ‘ही ओळ आधी द्यायची राहिली.’ तिने ती प्रत्येकाच्या हातात नेऊन दिली. नॉर्वेच्या डॉक्टर हालवोर्सेन, पांढऱ्या केसांची शांत बाई, या सगळ्या परदेशी मंडळींत मानाची, तिने ती दोनदा वाचली. मग चष्म्यावरून पाहत म्हणाली, “पण आधी सांगायचं ना. आम्ही टाकला नसता.”

इतकंच. आनेझिनीला वाटलं, कानफटीत मारली असती तर बरं झालं असतं. हे नाक मुरडतील म्हणून आपण लपवलं, आणि यांचं नाक मुरडायचं मनातही नव्हतं. नाक आपलंच होतं.

सरांनी कागद पाहिला. फक्त त्याची घडी घातली, वरच्या खिशात ठेवली आणि खिशावर एक टिचकी मारली. त्या टिचकीत शनिवारचा निकाल होता.

“झालं ते झालं,” आई म्हणाली. तिने नवे गहू आणवले होते. “ते तुझ्याकडे घेऊन जा. तुझ्या शेगडीवर उकड. माझं भांडं ने, चार पाण्यांनी धू. मी टॅक्सीने येते मागून.”

“पाच मजले चढशील?”

“चढेन. बसत-बसत चढेन. लिनार्दोसचे गहू आहेत.”

ती चढली. प्रत्येक मजल्यावर बसली आणि प्रत्येक मजल्यावर प्राध्यापकाच्या सात पिढ्यांना एकेक करून आठवलं. किप्सेलीतल्या त्या खोलीत, पाचव्या मजल्यावर, गहू उकडले, नव्या चादरीवर वाळले. पहाटे मायलेकींनी त्यात भाजलेलं पीठ, बदाम, मनुका, दालचिनी, डाळिंबाचे दाणे मिसळले, परातीत थापून वर पिठीसाखरेचा थर दाबला आणि चांदीवर्खी गोळ्यांचा क्रूस काढला. वास असा सुटला की दोन दिवसांत पहिल्यांदा आनेझिनीने पोटभर श्वास घेतला.

“आई, समिती ऐकायची नाही आता.”

“समितीत बोलायला मला कोण बसवतंय? मी माझं बोलणं माझ्या जागेवर बोलेन. तू परात धर.”

मंडळासमोरच्या चर्चमध्ये प्रार्थना झाली. तिथल्या पाद्र्याने, पापा-प्रोकोपिसने, परातीवर धूप फिरवला, आणि मग रिवाजाप्रमाणे सगळे मंडळाच्या अंगणात आले. तिथेच लिनार्दोसने लावलेल्या नारिंगाखाली कॉफी आणि ब्रँडी मांडली होती. आळीतली माणसं होती, काळ्या कपड्यांतल्या बाया होत्या. परिषदेची सुट्टी नेमकी तेव्हाच झाली आणि पाहुणेही अंगणात उतरले. सरांना हे पसंत नव्हतं, पण मेलेल्या माणसाच्या नावाने जमलेल्यांना आणि पाद्र्याला फाटकाबाहेर काढायची छाती अथेन्समध्ये कुणाला नाही.

कीरा-फ्रोसो खुर्चीत बसून पांढऱ्या कागदी पुड्यांत चमच्याने कोलिवा भरत होती. आनेझिनी वाटत होती. घेणारा पुडी हातात घेई, ‘देव त्याला क्षमा करो’ म्हणे आणि घास तोंडात टाकी. हे नाकारता येत नाही. कोलिवा नाकारणं म्हणजे मेलेल्याच्या तोंडावर दार लावणं. डॉक्टर हालवोर्सेनने शेजारणीला बघून तेच शब्द मोडकेतोडके म्हटले, खाल्लं, आणि पुडीच्या तळाचे डाळिंबाचे दाणे बोटाने काढले. “अजून मागणं बरं दिसेल का?” तिने विचारलं. आनेझिनीने तिला दुसरी दिली.

तेवढ्यात कीरा-फ्रोसो उठली. एक पुडी तिने काठोकाठ भरली आणि गुडघे सांभाळत, गर्दीतून वाट काढत, सरळ स्कार्लातोसांसमोर जाऊन उभी राहिली. बाजूला वारदालास होते, खजिनदारीणबाई होत्या.

“घे, नोंदास. लिनार्दोसचं.”

प्राध्यापकांचा हात अर्धा वर आला आणि तिथेच अडकला. त्यांची नजर पुडीवर होती. मग ती तळघराच्या खिडकीकडे गेली आणि परत आली. डोळ्यांसमोर त्यांना काय दिसलं ते आनेझिनीला त्यांच्या गळ्यावरून कळलं. घाटी खाली गेली, वर आली.

“कीरा-फ्रोसो, मी... डॉक्टरांनी साखर बंद केलीय.”

“चमचाभर घे. चमचाभराने कुणी मरत नाही. साठ माणसांनी पाइप मरत नाही, तसंच हे.”

खजिनदारीणबाईंनी ओठ दाबले. पापा-प्रोकोपिस कॉफीचा पेला हातात घेऊन जवळ आला. तो जाड भिवयांचा, सरळ बोलणारा माणूस.

“काय झालं, प्राध्यापक? लिनार्दोसचं काही देणं-घेणं राहिलं होतं का मनात?”

“छे छे! काहीतरीच. आमचा लिनार्दोस!”

“मग खा की.”

“प्राध्यापकांना शंका आहे, फादर,” कीरा-फ्रोसो शांतपणे म्हणाली. आवाज तिने जराही चढवला नाही, पण अंगणातलं बोलणं थांबलं होतं. “काल ते या दोघांसमोर म्हणाले, माझ्या खोलीत शिजलेला घास कुत्र्यानेही खाऊ नये. आता तुम्हीच सांगा. आळीने खाल्लं, तुम्ही खाल्लं, या पाहुण्या बाईने दोनदा खाल्लं. सगळ्यांच्या तोंडात मी घाण घातली असेल तर प्राध्यापकांनी आत्ता सांगावं, इथेच. मी परात उचलते आणि जाते, वृद्धाश्रमात म्हणाल तर वृद्धाश्रमात. आणि तसं नसेल तर खावं.”

हे गहू किप्सेलीत शिजलेत हे आनेझिनीला ठाऊक होतं. आईलाही ठाऊक होतं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही.

न्यायाधीश वारदालासांनी स्वतःच्या पुडीत पाहिलं. अर्धी संपली होती. त्यांनी उरलेली अर्धी मुद्दाम मोठा घास करून तोंडात टाकली, चावली आणि म्हणाले, “मला तर काही वाईट लागत नाही, एपामिनोंदास.”

प्राध्यापकांनी पुडी घेतली. ‘देव त्याला क्षमा करो’ असं पुटपुटले आणि डोळे मिटून चमचा तोंडात घातला. ते चावत होते, पण घास काही खाली जात नव्हता. ओठाला डाळिंबाचा दाणा चिकटला होता. कपाळावर घाम फुटला होता. आनेझिनी बघत राहिली. या माणसाच्या तोंडातला प्रत्येक दाणा धुतलेला, निवडलेला, तिच्या स्वतःच्या शेगडीवरचा होता, आणि हा त्यात तीच घाण चघळत होता जी त्याने स्वतः वरून सोडली होती. तिला दया आली नाही. शिसारीच आली, पण या खेपेला स्वतःची नाही.

शेवटी घास गेला.

“कसं आहे?” कीरा-फ्रोसोने विचारलं.

“उ... उत्तम.”

“म्हणजे माझी चूल माणसांची आहे?”

“आहे ना. प्रश्नच नाही.” त्यांनी रुमालाने तोंड दाबलं.

“ऐकलंत तुम्ही दोघांनी?” ती समितीकडे वळली. “फादर, तुम्ही?”

“मी ऐकलं,” पाद्री म्हणाला. “देवानेही ऐकलं असावं, बराच जवळून बोलले.”

“मग दुपारी बसायचं कशाला?” वारदालास खांदे उडवत म्हणाले. “अध्यक्षच म्हणतायत की जागा राहण्याजोगी आहे. तो विषय काढून टाका, बाई. कॅफेला दुसरी खोली बघू.” खजिनदारीणबाईंनी मान डोलावली आणि परातीकडे पाहत विचारलं, उरलंय का थोडं.

आनेझिनीने परात खाली ठेवली. आई खुर्चीकडे परत निघाली होती, काही झालंच नाही अशी.

प्राध्यापक दोन पावलं फाटकाकडे गेले. मग थांबले. त्यांचा रंग चादरीसारखा पांढरा पडला होता. एक हात तोंडावर, एक पोटावर. वरचे संडास बंद होते. कॉफीवाला रस्त्यापलीकडे, आणि त्याच्या दाराशी पाहुण्यांची रांग. त्यांनी एकदा रांगेकडे पाहिलं, एकदा तळघराच्या पायऱ्यांकडे, आणि मग जगाला स्नानगृहं देणाऱ्या शहराचा तो विद्वान, कोटाची टोकं सावरत, धडधड पायऱ्या उतरून कीरा-फ्रोसोच्या दारात घुसला.

कीरा-फ्रोसोने खुर्चीतूनच मान वळवली आणि साऱ्या अंगणाला ऐकू जाईल अशी आरोळी ठोकली,

“नोंदास! कागद टोपलीत हं, पोरा!”

आळी खदखदून हसली. पापा-प्रोकोपिसने दाढीत तोंड लपवलं. डॉक्टर हालवोर्सेनला भाषा कळली नव्हती. रिकामी पुडी हातात धरून ती आनेझिनीजवळ आली आणि सभ्यपणे विचारलं, “तुमच्या आई त्यांना काय म्हणाल्या?”

“काही नाही,” आनेझिनी म्हणाली. “पाहुण्यांसाठी उपयुक्त माहिती.”